प्रेक्षक

भोपाळच्या हिंदी पुस्तकांत प्रयोग पाहणाऱ्याला ‘प्रेक्षक’ म्हणतात. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या शालिनी मॅडमना त्याचं दर वर्षी हसू यायचं. प्रेक्षक काय, नाटक आहे का हे?

“दोन फटींतून प्रकाश सोडला की पडद्यावर हे असे पट्टे उमटतात,” तास संपल्यावर एकटीच थांबलेल्या गौरीला त्या सांगत होत्या. “पण तो कुठल्या फटीतून गेला हे या डिटेक्टरने पाहिलं, की पट्टे पुसले जातात.”

तेवढ्यात पट्टे पुसले गेले.

“मॅडम, डिटेक्टर तर बंद आहे नं!” गौरीचा आवाज चिरकला. “मग बघतंय कोण?”

मॅडमनी डिटेक्टरची वायरच काढून टाकली. पट्टे परतले नाहीत.

“असतील कुणी प्रेक्षक,” त्या उसनं हसल्या.

मागच्या रिकाम्या बाकांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला.