भिमण्णाची बोटं

"ताई, आज बोटं येणार ना?" पडद्यावरच्या भिमण्णा कुंभाराने दोन्ही हात पुढे केले. मनगटापुढे नुसते गुळगुळीत गोळे होते.

पूर्ण होण्याआधीच विक्रीला आलेला हा अर्धवट गेम शलाकाने हौसेने विकत घेतला होता. त्यातली माणसं आठवण ठेवायला, वाट बघायला शिकली, तेव्हापासून भिमण्णाच्या बोटांसाठी ती कंपनीशी भांडत होती. दोन वर्षं एकच उत्तर यायचं, "काम चालू आहे, धीर धरा." ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आज पूर्ण आवृत्ती आली होती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुन्या पात्रांची स्मृती पुसली जाईल. आत्ता नाकारलं तर पुन्हा संधी नाही. ठरवायला एक मिनिट.

नव्या कुंभाराला दहा बोटं असतील, पण तो हा भिमण्णा नसेल.

"पहिलं मडकं तुम्हालाच," म्हणत भिमण्णाने कोपराने चाक फिरवून पाहिलं.

पाच सेकंद उरले. शलाकाने 'जुनीच ठेवा' दाबलं.

"कंपनीवाले काय म्हणाले, ताई?"

तिला त्याच्या हातांकडे बघवेना.

"काम चालू आहे, भिमण्णा," ती म्हणाली. "धीर धरा."