भागीरथीवरचा माणूस

"भागीरथीवर? आपल्या भागीरथीवर?" उप्पिटाची बशी रत्नाबाईंच्या हातातच राहिली.

"मग सांगतोय काय अक्का!" मुलाचे मामा कृष्णाजी हसले. "मालवाहू बोट, नौदलाने लढाईला जुंपलेली. मुंबईत चढलो तो लढाई संपल्यावरच घरी आलो."

आप्पाजींना दरदरून घाम फुटला. जयनगरच्या त्या पुढच्या खोलीतून उठून जायची सोय नव्हती. बाहेरच्या दारापाशी नवरामुलगा हरी खुर्ची टाकून बसला होता आणि आतल्या दारात पडद्याआड त्यांची लेक सुलभा उभी होती.

सकाळीच तिने बापाला गाठलं होतं. हरी बिजवर. त्याची पहिली बायको धारवाडला विहिरीत पडून गेली. पाय घसरला, असं घरचे म्हणत. तिला खोलीत कोंडून ठेवायचे, म्हणून तिने उडी घेतली, असं लोक म्हणत.

"अण्णा, खरं काय ते तेवढं काढून घ्या. मग तुम्ही म्हणाल तिथे जाईन."

आप्पाजींनी शब्द दिला होता. पोरीला सव्विसावं लागलं होतं, तरी ती त्यांना जड झाली नव्हती. जीव होता त्यांचा तिच्यावर.

आणि हा मुलाचा मामा नेमका बोटीवरचा निघाला!

भागीरथीची हकिकत बंगळूरच्या मराठी मंडळींना तोंडपाठ होती. दर गणपतीत आप्पाजी ती सांगत. तांदळाची पोती आणि दारूगोळा घेऊन बोट बस्र्याला निघालेली. पाणसुरुंग फुटला, कोठाराचं झाकण बंद पडलं आणि आप्पाजी आत अडकले. पाणी गळ्याशी आलं तेव्हा देवाप्पा स्वयंपाक्याने झाकण उघडलं. आप्पाजी वाचले, देवाप्पा बुडाला. बायका डोळे पुसत. लढाईवरचा माणूस म्हणूनच त्यांना सरकारी कारखान्यात चिकटवून घेतलं होतं आणि तिथेही ते 'बोटीवाले अण्णा'च होते. आजवर कुणी त्यांना उलट प्रश्न विचारला नव्हता.

"तूप वाढू?" रत्नाबाईंनी पाहुण्यांना विचारलं. "खानापूरचं आहे. यांच्या गोजराबाई आत्या धाडतात. यांना अजून त्यांच्याच गोठ्याचं लागतं."

"स्वल्प वाढा. अण्णा, तुम्ही का गप्प?"

आप्पाजी जरा पुढे सरकले. "तुम्हाला... देवाप्पा आठवतो?"

कृष्णाजींनी बशी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले.

"देवाप्पाला कसा विसरेन? मी तिथेच होतो. माझ्या डोळ्यांदेखत गेला. हात धरायला धावलो, पण निसटला."

रत्नाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आप्पाजी कृष्णाजींकडे बघतच राहिले. पडद्याआड बांगड्या वाजल्या, तेव्हा त्यांना दिलेला शब्द आठवला.

"हरीची पहिली बायको..." त्यांनी विचारलं. "ती कशी गेली?"

हरीने मान खाली घातली. कृष्णाजींनी नाही.

"पाय घसरला. मी तिथेच होतो. माझ्या डोळ्यांदेखत गेली. हात धरायला धावलो, पण निसटली."

"लोक म्हणतात..."

"लोकांचं काय घेऊन बसलात अण्णा! भागीरथीची शपथ घेऊन सांगतो."

"अहो, पुरे आता," रत्नाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "देवाप्पासाठी ज्याच्या डोळ्यांत पाणी येतं, तो माणूस खोटं बोलेल का? तुम्हीच सांगा."

पडदा बाजूला झाला. सुलभा रीतभात विसरून सगळ्यांसमोर बापाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"अण्णा, मामा सांगतात ते खरं?"

आप्पाजींनी तोंड उघडलं. समोर लेक होती. शेजारी बायको, तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याचा अभिमान मावत नव्हता. कृष्णाजी शांतपणे तूप कालवत होते.

"खरं," आप्पाजी म्हणाले. "भागीरथीवरचा माणूस आहे."

सुलभाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तिने वाकून कृष्णाजींना नमस्कार केला. रत्नाबाई लगबगीने साखर घेऊन आल्या आणि पहिली चिमूट त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

आप्पाजींनी ती तोंडात टाकली. लढाईची सगळी वर्षं त्यांनी खानापूरला गोजराबाई आत्याच्या गोठ्यात लपून काढली होती, आणि भागीरथी हे तिथल्या म्हशीचं नाव होतं.