शेवटावरचा अभिप्राय

“लोक विचारतायत, वसईत बर्फ कुठून पडला? मीही तेच विचारते.”

मी लिहिलेला नाताळचा प्रेमपट काल टीव्हीवर लागला होता. त्यावरचे प्रेक्षकांचे अभिप्राय आई मोबाइलवर मोठ्याने वाचत होती आणि मी ओट्यावर बसून बांबूच्या ताऱ्याला तांबडा कागद चिकटवत होतो.

“‘आजी झकास. नायक मात्र मुखदुर्बळ.’ हा तर तुझ्यावरच गेलाय, पोरा!”

मग तिचा स्वर मंदावला. “हे शेजारच्या रोविनाने लिहिलंय. ‘शेवट खोटा वाटला. नायक चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांदेखत प्रेम बोलून दाखवतो. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. बाबा गेल्यापासून एकजण दर नाताळला आमच्या दारी तारा टांगतो आणि मी पाणी विचारायच्या आत निघून जातो. चार वर्षं मी पेला घेऊन दारात उभी राहते.’”

माझ्या बोटांवरची खळ वाळून गेली. नायकाच्या तोंडी घातलेले एकही वाक्य मला तिच्या दारी कधी उच्चारता आले नव्हते.

आईने चष्मा काढला. “शिडी पडवीत आहे,” ती म्हणाली, “आणि आज पाणी पिऊन ये.”