नथीवरचा फोकस

"बाबा, ती म्हातारी लेन्स आज तरी पिशवीतच राहू दे," लग्नमंडपात शिरताना गौतमी म्हणाली. तिची नवी लेन्स फोकस आपोआप धरायची. बाबा मात्र अजून हाताने रिंग फिरवत बसायचे. नवरीने अंतरपाट दूर होतानाचा फोटो आवर्जून मागितला होता.

शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला आणि बापलेकीने एकदमच बटण दाबलं. गौतमीने स्क्रीन पाहिली आणि तिचा चेहराच पडला. हवेतल्या अक्षतांचा दाणा न् दाणा लख्ख आला होता आणि मागे नवरी पार धूसर. आता हे लग्न काही पुन्हा लागणार नव्हतं.

बाबांनी आपला कॅमेरा पुढे केला. नवरीचे डोळे, नथीचा मोती, सगळं स्वच्छ. "अंतरपाट धरला तेव्हाच नथीवर फोकस लावून ठेवला होता. नथ कुठे पळणार होती?"

"माझ्या लग्नातही हीच लेन्स लाव," गौतमी हसत म्हणाली.

"छे, तेव्हा तुझीच दे," बाबा काच पुसत म्हणाले.

"आणि तिने पुन्हा तांदूळच टिपले तर?"

"टिपू दे. भरल्या डोळ्यांनी मला तेवढेही दिसायचे नाहीत."