दुरून सरकवलेली कपबशी

पंजाबरावांनी चहाची कपबशी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि झटकन मागं सरून ते ओसरीत उभे राहिले. एक हात पाठीमागं. कालही असंच, परवाही असंच. आत खाटेवरून कौसल्या त्या कपबशीकडं बघत राहिली. तिच्या वडिलांना गावच्या हॉटेलात अशीच दुरून कपबशी मिळायची.

यवतमाळच्या दवाखान्यात तिचा डावा स्तन गाठीसकट काढला होता. जीव वाचला, डॉक्टर म्हणाले. वाचला खरा! पण तिथं ज्या नवऱ्यानं उशाशी बसून तिला वरणभाताचे घास भरवले, तोच घरी आल्यावर पाहुण्यासारखा वागायला लागला. खाटसुद्धा ओसरीत नेली. आता माझ्यात राहिलंच काय, म्हणून जवळ येत नसतील, असं तिनं मनाशी धरलं आणि उशीत तोंड खुपसून पुष्कळ रडून घेतलं.

सून ममता तिची पट्टी बदलत होती. सिस्टरनं तिला सगळं शिकवून धाडलं होतं. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, गॉजचं पाकीट ऐनवेळीच फोडायचं, जखमेवर टेकणाऱ्या बाजूला बोट लावायचं नाही. ममता त्यात तसूभर इकडचं तिकडं होऊ देत नसे.

"टाके मस्त सुकून राह्यले, आई," शेवटची चिकटपट्टी दाबत ती म्हणाली. सासूचा पदर तिनं नीट केला आणि सासऱ्यांना हाक दिली, "मामाजी, या न आत. चहा तुमच्या हातानं द्या आईले."

"नाही, नाही!" पंजाबराव दचकले. "मी नाही येत जवळ."

झालं! इतके दिवस गिळलेलं सगळं कौसल्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"येऊच नका! विटाळ धरला तुमी माहा, दुसरं काय!"

ममता गारच पडली. सासऱ्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. गावानं तो त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला होता. कौसल्याला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं.

पंजाबरावांनी पाठीमागचा हात पुढं घेतला आणि वर गुंडाळलेलं फडकं सोडलं. बोटं सुजून टम्म झाली होती. अंगठ्यातून पू येत होता.

"अगं माय! हे काय करून बसले?" कौसल्या ओरडली.

"कापूस येचला. दरसाल तू येचतं दोन्ही हातानं झरझर, तुले एक काटा लागत नाही. मले कुठी जमते? बोंडायनं बोटं फाडून टाकली. अन् सिस्टर म्हणे, पू असलेला हात जखमेजवळ नेऊ नका."

"मंग सांगाव नाही का मले? दाखवा!" छातीवर एक हात दाबून धरत कौसल्या खाटेवरून उठली आणि दुसरा हात पुढं करून दाराकडं निघालीसुद्धा.

पंजाबराव घाईघाईनं पायरी उतरून अंगणात गेले.

"याच्याचसाठी सांगत नव्हतो! तिथंच थांब, कौसल्ये. विटाळ तुले नाही वं, माह्या हाताले हाये."