विहिरीकडची रेघ

वर्तुळात फिरणारा दगड सुटला की वळत नाही, सरळ जातो, असं अकरावीच्या सरांनी सकाळीच शिकवलं होतं. घरी येताच शमिकाने खळ्यातल्या मातीत काटकीने बाबांच्या गोफणीचा फेरा काढला. समोर फणस, त्यावर वानर. मागे विहीर, तिथे आई. गेल्या चैत्रात वानरांवर भिरकावलेला दगड आईच्या कानशिलात बसला आणि ती जागीच गेली. नेम चुकला, असं बाबांनी पोलिसांना सांगितलं. वाडीत कुजबुज थांबत नव्हती, म्हणून बाबा निर्दोष असल्याचं तिला सिद्ध करायचं होतं. तिने फणसाकडे रेघ ओढली, मग विहिरीकडे ओढली आणि थबकली. आईपर्यंत पोचायला दगड आणखी अर्धा फेरा फिरवून सोडावा लागत होता. गोफणीने आंब्याचा देठ टिपणारे बाबा मागेच उभे होते. “काय काढलंस गो?” म्हणत त्यांनी विहिरीकडची रेघ तेवढी पायाने पुसली.