स्वयंपाकघरात वाचायचं पुस्तक

जपानमधल्या मोरिओका शहरातल्या एका पुस्तकांच्या दुकानात नव्या मांगा चित्रकथांखाली शिफारशीच्या चिठ्ठ्या लावायचं काम कोझुएचं. हातानं लिहिलेल्या, रंगीत पेनांनी नटवलेल्या. कालच मालक कुसाका करवादले होते, "अगं, पुस्तकाबद्दल लिही. तुझं रडगाणं कोण वाचणार? आणखी एक तक्रार आली, तर घरी बस."

आज एक गृहस्थ थेट गल्ल्यापाशी आले. मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी त्यांनी तिच्यासमोर ठेवली.

"हे कोणी लिहिलंय?"

चिठ्ठी एका नव्या प्रेमकथेची होती. 'खोलीत एकट्यानं वाचू नका, फार रडू येतं. स्वयंपाकघरात, कुणी काही शिजवत असताना वाचा.'

कुसाका कपाटाआडून पुढे आले. कोझुए म्हणाली, "मी लिहिलंय."

"मुलीच्या ताटासोबत मी हे पुस्तक तिच्या दाराबाहेर ठेवलं. तुमची चिठ्ठी चुकून त्यातच आली होती." गृहस्थांचा आवाज चिरकला. "तीन वर्षं खोलीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं हो तिनं. काल आली. तिची आई मिसोचं सूप ढवळत होती आणि ही शेजारी बसून वाचत होती. आम्ही दोघांनी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही."

मग त्यांनी त्याच कथेचा दुसरा भाग गल्ल्यावर ठेवला, आणि त्यावर एक कोरी चिठ्ठी.

"ताई, एवढं लिहून द्या. हा भाग घराच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसून वाचायचा."